पिठीसाखर, साबुदाणा आणि नारळाचा चव: मुलांसोबतच्या बर्फाचे अनुभव

मिनियापोलिस, धागाकर्ती
आकाशातून पडतो त्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि गोळेवाला रंध्यावर किसतो त्यालाही बर्फच म्हणतो. इथे आल्यावर हा एक शब्द अपुरा पडू लागला, तेव्हा आमच्या सात वर्षांच्या लेकीने स्वयंपाकघरातून नावे आणली. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ म्हणजे पिठीसाखर, शून्य अंशाच्या आसपासचा ओलसर बर्फ म्हणजे नारळाचा चव, आणि हिमकणांवर अतिथंड थेंब गोठून तयार झालेले मऊ पांढरे दाणे म्हणजे साबुदाणा. पहिल्या हिवाळ्यात आम्ही पिठीसाखरेचा बाहुला करण्यासाठी तासभर झटलो, पण मूठ उघडताच सगळे वाऱ्यावर उडून जाई. कण एकमेकांना चिकटण्यासाठी त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर असावा लागतो आणि तो इतक्या थंडीत नसतो, हे मागाहून कळले. आता अशा दिवशी काळे लोकरी कापड बाहेर ठेवून गार करतो आणि त्यावर उतरलेले कण भिंगातून पाहतो. ढगातले तापमान उणे १५ अंशांच्या सुमारास असेल, तर सहा फांद्यांच्या चांदण्या मिळतात. उणे ५ च्या आसपास बहुधा सुया. व्हर्माँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ साली हिमकणाचे छायाचित्र घेतले होते, हे कळल्यापासून लेक माझा फोन भिंगाला लावून बसते.
आपापल्या ठिकाणचा बर्फ आणि त्यातले मुलांचे खेळ इथे अवश्य लिहावेत.

पुणे
आमचा अनुभव गुलमर्गच्या चार दिवसांपुरताच आहे. दुपारच्या उन्हात वितळलेला वरचा थर रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी त्याचे कडक कवच झालेले असते. आमचा पाच वर्षांचा मुलगा त्यावरून खुशाल धावत होता. त्याला पकडायला गेलेले त्याचे बाबा दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. तो खेळ मग रोज सकाळी झालाच पाहिजे, असा हट्ट होता. काला खट्टाचे सरबत कुठे मिळते, ही चौकशीही त्याने स्लेजवाल्या काकांकडे करून ठेवली होती.

माँट्रियल
इथे मेपलचा पाक ताज्या बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खातात. पाक साधारण ११२ ते ११५ अंशांपर्यंत उकळावा लागतो; तापमापक नसेल, तर आपली तिळगुळाची गोळीबंद पाकाची परीक्षा अगदी चालते. खरा हंगाम मार्च-एप्रिलचा. आम्ही मात्र संक्रांतीलाच बाटलीतल्या पाकावर हौस भागवतो. बर्फ रस्त्याकडेचा किंवा मीठ पडलेला नसावा आणि ओतण्याचे काम मोठ्यांनीच करावे, कारण पाक भाजतो.

टोरांटो
गोठणाऱ्या पावसाबद्दल एवढेच लिहिते: फांदी न् फांदी काचेत मढवल्यासारखी दिसते आणि मुलांना बाहेर जायचे असते. आम्ही खिडकीतूनच पाहतो, कारण निसरडे तर असतेच, शिवाय ओझ्याने फांद्या मोडतात.

साप्पोरो
आमच्या शेजारच्या आजींनी मुलांना 'युकी उसागी' शिकवले. ओलसर बर्फाची मोदकाहून मोठी लांबट मूद, त्याला पानांचे कान आणि लाल फळांचे डोळे, की झाला ससा. इथल्या ओदोरी उद्यानातला प्रसिद्ध हिमोत्सवही १९५० साली शाळकरी मुलांनी केलेल्या सहा शिल्पांपासून सुरू झाला. उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली याच शहरातील विद्यापीठात पहिला कृत्रिम हिमकण तयार केला, तोही सशाच्या केसावर! हा योगायोग आमच्या मुलांना फार आवडतो.

एडमंटन
दिवाळीतला मातीचा किल्ला आम्ही जानेवारीत बर्फाचा करतो. पिठीसाखर असली तरी अडत नाही: फावड्याने उपसून मोठा ढीग करायचा आणि दोन-तीन तास तसाच ठेवायचा, म्हणजे कण आपसांत जुळून ढीग घट्ट होतो. मग सुमारे ३० सेंटिमीटरच्या काड्या बाहेरून सर्वत्र खुपसायच्या आणि आतून कोरताना काडीचे टोक दिसले की थांबायचे, म्हणजे भिंत सगळीकडे सारखी राहते. कोरण्याचे काम मी करतो आणि त्या वेळी पत्नी बाहेर उभी असते. मुलांना एकटे आत जाऊ देत नाही. बुरुजावर आजोबांनी साताऱ्याहून पाठवलेले महाराज आणि तीन मावळे बसवले होते. महाराजांना वेळेवर घरात आणले. दोन मावळे एप्रिलमध्ये गवतात सापडले, तिसऱ्याचा शोध चालू आहे.