रात्री खेळताना पिंग तीनशेवर जाते: दोष वायफायचा, राऊटरचा की लाईनचा?

माळवद_अंबाजोगाई

नमस्कार. अंबाजोगाईच्या जुन्या गावभागात आमचे माळवदाचे घर आहे. घरी ४० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असून मी संगणकावर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ खेळतो. दुपारी पिंग (सर्व्हरकडून उत्तर येण्यास लागणारा वेळ) ३० ते ३५ मिलिसेकंद असते आणि खेळ सुरळीत चालतो. रात्री आठनंतर मात्र तीच पिंग मध्येच दीडशेवर, कधी तीनशेवर जाते, समोरचा खेळाडू एका जागेवरून एकदम दुसरीकडे दिसू लागतो आणि आधी गोळी झाडूनही बाद मीच होतो. त्याच वेळी स्पीड टेस्ट केली तर ३८ च्या आसपास आकडा येतो, त्यामुळे तक्रार केली की ‘लाईन ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते.

राऊटर पुढच्या ओसरीत आहे, संगणक मागच्या खोलीत आहे आणि मध्ये दोन जाड भिंती आहेत. घरातील सर्वांचे मोबाइल आणि दारावरचा कॅमेरा याच वायफायवर चालतात. १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा, महागडा गेमिंग राऊटर घ्यावा की व्हीपीएन (आपली माहिती दुसऱ्या एका सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) वापरावे, असे तीन सल्ले मला मिळाले आहेत. पैसे वडिलांकडे मागायचे असल्याने नेमके कारण कळल्याशिवाय खर्च करण्याची माझी इच्छा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लातूरकर_नेटवर्क

आपण खर्चाआधी कारण विचारले, हे फार योग्य केले. तूर्त या तिन्हींपैकी काहीही घेऊ नका.

वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पीड टेस्ट एका सेकंदात किती माहिती येते ते सांगते, तर पिंग म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, मिलिसेकंदांत मोजलेला. खेळ चालू असताना लागणारी माहिती अगदी थोडी असते. तिला ४० एमबीपीएस पुरून उरतात. ती वेळेवर आणि सारख्या अंतराने पोहोचणे महत्त्वाचे असते. पिंग कायम ६० असेल तर खेळता येते. ती ३० वरून २०० वर आणि पुन्हा ३० वर अशी हेलकावत असेल, ज्याला जिटर म्हणतात, तर खेळता येत नाही.

अंतराचा हिशेबही पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अंबाजोगाईहून मुंबईचा सर्व्हर पाचशे किलोमीटर धरला तरी जाण्यायेण्याला ५ मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ वळसे आणि मधली यंत्रे घेतात. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतरच सुमारे ३९०० किलोमीटर असल्याने तेथील सर्व्हर निवडला तर ४० मिलिसेकंदांची भर टाळताच येणार नाही. त्यामुळे खेळाच्या सेटिंगमध्ये मुंबईचाच सर्व्हर निवडलेला आहे ना, हे आधी तपासा. व्हीपीएन बहुतेक वेळा वाट लांबवते. सेवा देणाऱ्याने पॅकेट भलत्याच मार्गाने फिरवली असतील तरच त्याचा उपयोग होतो.

आता उशीर कोणत्या टप्प्यावर होतो ते शोधू. रात्री त्रास सुरू झाला की कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग आज्ञेने राऊटरचा पत्ता तपासत राहा (तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो व राऊटरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो), दुसरीत गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता. ही तपासणी प्रथम वायफायवर करा, मग संगणक लॅन केबलने थेट राऊटरला जोडून करा. राऊटरपर्यंतचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायमध्ये आहे. राऊटरपर्यंत १ मिलिसेकंद आणि पुढे २०० असेल तर दोष राऊटरच्या पलीकडे जाण्याच्या वाटेत आहे. आकडे येथे लिहा.

माळवद_अंबाजोगाई

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सर्व्हर मुंबईचाच निवडलेला आहे. रात्री नऊच्या सुमारास वायफायवर राऊटरपर्यंतची पिंग ४ ते १२० अशी हलत होती आणि मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत होते. संगणक ओसरीत नेऊन केबलने जोडला तेव्हा राऊटरपर्यंत कायम १ मिलिसेकंद आली, पण ८.८.८.८ पर्यंतची पिंग तरीही काही मिनिटे २५० वर जाऊन परत खाली येत होती. म्हणजे दोन्हीकडे दोष आहे का?

गोदाकाठ_नांदेड

होय, दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला भिंतींचा. माळवदाच्या दगड-मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण वायफायच्या लहरी त्यांत शोषल्या जातात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी तो जाड भिंतीतून जेमतेम जातो, २.४ गिगाहर्ट्झचा त्यामानाने बरा जातो, पण त्यात एकमेकांवर न येणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच, आणि रात्री शेजारपाजारचे सगळे राऊटर त्यांतच असतात. रिपीटर लावल्यास आकड्यात वेग दिसेल, विलंब मात्र वाढेल. त्यापेक्षा कॅट ६ केबल तुळईच्या कडेने, झरोक्यातून किंवा दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत न्या. ही केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते आणि तिची किंमत गेमिंग राऊटरच्या तुलनेत किरकोळ आहे. मातीच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडू नका, भिंतीची माती ढासळते.

दुसरा दोष अधिक लपलेला आहे आणि त्याला बफरब्लोट म्हणतात. लाईन भरली की राऊटर जास्तीची पॅकेट टाकून न देता साठवत राहतो आणि त्या रांगेत तुमच्या खेळाचे छोटे पॅकेटही उभे राहते. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टरांची रांग लागली की मागची मोटारसायकलही अडकते, तसेच हे आहे. फाटक रुंद केले, म्हणजे प्लॅन वाढवला, तर रांग उशिरा लागते, पण लागतेच.

रात्री घरातील सगळे परत आले की मोबाइल वायफायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. कॅमेऱ्याचे चित्रणही वर जात असते. माझा संशय यावरच आहे. खात्री अशी करा: ८.८.८.८ ची पिंग चालू ठेवून एका मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. आकडा चढला आणि अपलोड थांबवताच उतरला, तर निदान पक्के.

यावरचा खरा उपाय रांग शिस्तीत लावणे हा आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आटोक्यात ठेवण्याची पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते, त्यामुळे व्हिडिओच्या ढिगामागे खेळाचे पॅकेट थांबत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मोफत प्रणाली चालणाऱ्या साध्या राऊटरमध्येही ‘एसक्यूएम’ नावाने ही सोय मिळते. तेथे वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी, तुमच्या बाबतीत ३४-३५ एमबीपीएस ठेवावी, म्हणजे रांग तुमच्या हाताखालच्या यंत्रात राहते. कनेक्शनसोबत मिळालेल्या राऊटरमध्ये ही सोय सहसा नसते. तोवर मोबाइलचे बॅकअप मध्यरात्रीनंतर ठेवा आणि कॅमेऱ्याचे चित्रण मेमरी कार्डवर घ्या.

फायबर_जोडारी_जालना

मी फायबर जोडणीचे काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. ओएनटीच्या (फायबरची तार घरात ज्या यंत्राला जोडतात त्याच्या) सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा असतो. तो उणे २७ डीबीएमच्या (ही ताकद मोजण्याचे एकक) जवळ असेल तर सिग्नल काठावर आहे, मग पॅकेट गळतात. तार खिळ्याभोवती घट्ट वळवलेली असणे किंवा कनेक्टरवर धूळ बसणे, ही नेहमीची कारणे असतात. कनेक्टर स्वतः पुसू नये, साध्या कापडाने काच खराब होते. खेळताना लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत ओएनटी बंद पडला तर तो पुन्हा चालू होण्यास काही मिनिटे जातात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस त्यासाठी पुरेसा असतो. मात्र आपल्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर पाहूनच तो घ्यावा.

माळवद_अंबाजोगाई

अपलोडची चाचणी केली. आकडा लगेच २६० वर गेला आणि थांबवताच ३२ वर आला. बहिणीच्या मोबाइलवर लग्नाचे व्हिडिओ चढत होते. बॅकअपची वेळ बदलली, कॅमेरा कार्डवर घेतला आणि तुळईच्या कडेने केबल ओढली. आता खेळ बराच स्थिर आहे. आरएक्स पॉवर उणे २१ दिसते. तरीही दहाच्या सुमारास थोडा वेळ पिंग ८० होते, घरातील सगळे मोबाइल बंद असले तरी.

लातूरकर_नेटवर्क

उणे २१ उत्तम आहे. ते ८० बहुधा सेवा देणाऱ्याच्या पुढच्या जोडणीवरील रात्रीच्या गर्दीमुळे होत असावे. त्या वेळी केबलवरूनच ट्रेसर्ट आज्ञा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापर्यंतचा वेळ दाखवणारी) चालवून कोणत्या टप्प्यापासून पुढचे सगळे आकडे वाढतात ते पाहा; मधला एखादाच टप्पा जास्त दाखवत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. दुपारचा आणि रात्रीचा असे दोन स्क्रीनशॉट, वेळेसह, लेखी तक्रारीला जोडा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ‘नेट स्लो आहे’ असे लिहू नका. ‘राऊटरपर्यंत १ मिलिसेकंद, अमुक टप्प्यापासून ८०’ असे लिहा.