संशय ‘येणे’, संशय ‘घेणे’ आणि भीड

गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत परतले, तेव्हा लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ पायाने दार अडवून उभे होते आणि एकाही मजल्याचे बटण उजळलेले नव्हते. मनात पाल चुकचुकली. परंतु त्यांचे कपडे सिमेंटने मळलेले होते, आणि मी मागे सरले तर कपडे पाहूनच सरले असे त्यांना वाटेल, या विचाराने मी आत शिरले. विपरीत काही घडले नाही. सहाव्या मजल्यापर्यंत किल्ल्या मात्र मुठीत घट्ट आवळलेल्या होत्या. आई म्हणाली, “पाल चुकचुकली होती ना, मग जिना काय वाईट होता?” ही चुकचुक आणि पूर्वग्रह यांतला भेद नेमका कसा सांगावा, आणि मला आत नेणाऱ्या त्या भीतीला काय म्हणावे?

प्रतिसाद :

भेद क्रियापदांत आहे. ‘मला संशय आला’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. ‘संशय घेतला’ म्हणताच ‘कोणावर?’ हा प्रश्न उभा राहतो. पाल तर आपली आपण चुकचुकते. पूर्वग्रह कधी ‘येत’ नाही, तो असतो किंवा बाळगला जातो, कारण ‘ग्रह’ म्हणजे पकडणे, आणि हे मत माणूस समोर येण्याआधीच पक्के धरलेले असते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाल्यावर, फासेपारध्यांच्या पोरांनाही जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये तो देशभर रद्द झाला, तरी ‘पारधी’ हा शब्द कानी पडताच बायकांचे हात पिशवीकडे जाताना मी स्वारगेटला पाहिले आहेत, आणि ते पाहून फार वाईट वाटले. तो पूर्वग्रह. न उजळलेले बटण तुम्हाला त्या क्षणी, तुमच्या डोळ्यांनी दिसले होते. कपडे कडक इस्त्रीचे असते तरी ते तसेच दिसले असते.

त्या भीतीला मी ‘भीड’ म्हणेन. भीड एरवी ओळखीच्यांची पडते, म्हणून शब्द थोडा ताणावा लागतो. पण ‘आपण आळ घेतो आहोत असे दिसेल’ हा संकोच त्यात बसतो. जिन्याने जाण्यात कोणावर आळ येत नाही. ‘भीड चेपणे’ सरावाने घडते, त्यामुळे लिफ्टच्या दाराशी ते क्रियापद उपयोगाचे नाही. तेथे ‘भीड मोडणे’ हवे.