पोर्तुगीज क्रियापदात जोर नेमका कुठं द्यायचा बावा?

पऱ्हाटीवाला: वाशीमकडच्या खेड्यातून मोबाईलवरच पोर्तुगीज शिकून राह्यलो, लाईन गेली की शिकणंबी बंद. 'पागारीआमोस' (आम्ही पैसे देऊ, पण जर-तरवालं) कसं तोडाचं? अन् ते 'पागा-लो-ईआमोस', शब्द हाये का मालगाडी?

संत्रा_बर्फी: पागारच घेतलं हे बेस केलं, आपला 'पगार' तिकडूनच आला न! पा-गा-री-आ-मोस, पाच तुकडे, जोर 'री'वर. शेवटून तिसऱ्यावर जोर असला की लिहिताना त्या स्वरावर चिन्ह लागतेच. 'रीआ' एका दमात म्हणू नको, तुटते ते.

खुरपं: खरी गंमत पुढं हाये भाऊ, पा-गा-रांव मध्ये 'गा'वर जोर दिला तर 'त्यायनं दिले', अन् शेवटच्या 'रांव'वर दिला तर 'ते देतील', शेवटचा आवाज तोच, फक्त स्पेलिंग वेगळं, अन् आपल्या मराठीत असा जोरानं अर्थ बदलत नाही म्हणून कानाले पत्ताच लागत नाही. मजुरी दिली अन् देतील, केवढा फरक हाये सांग बरं!

संत्रा_बर्फी: मालगाडीचं राह्यलंच. 'पागार'ले मधात 'ओ' (ते) जोडलं की र गळते, ल येते. सहा तुकडे, मेन जोर 'ई'वर. चिन्ह मात्र 'गा'वरबी, कारण जोडरेषेनं तोडलेले भाग वेगवेगळे शब्द समजतात. ब्राझीलमधी बोलताना हे कोणी वापरत नाही, टेन्शन नको घेऊ.

पऱ्हाटीवाला: मंग मालगाडी गेली यार्डात. 'दिले-देतील' गोठ्यात म्हणून पाह्यतो, ढोरं तरी हसनार नाहीत.