पोटावर सरपटणारं पिल्लू
वर एकांनी लिहिलंय, पिल्लू महिन्याचं झालं तरी उभं राहत नाही, पाय बाजूला फाकतात, आता असलं अधू पिल्लू घेणार कोण? जरा थांबा. फुलेवाडीत आमच्या बोळातल्या कुत्रीचं एक पिल्लू असंच बेडकागत सरपटायचं. याला 'स्विमर पपी' म्हणतात. लवकर हात घातला तर बरीचशी चालायला लागतात. गुळगुळीत फरशी मात्र वैरीण. आम्ही गोणपाट अंथरलं, डॉक्टरांकडून मागचे पाय मऊ पट्टीनं सैल बांधून घेतले आणि दिवसातून चार-पाचदा पोटाखाली हात धरून चालवलं. पट्टी मुतानं भिजायची, रोज बदलायची (हे आधी कुणी सांगत नाही!). तीन आठवड्यांत गडी उठला.

डोकं थरथरत असेल, खाताना नेम चुकत असेल तर मात्र दोष बहुधा लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागात. जन्मजात असेल तर तो बरा होत नाही, पण वाढतही नाही. अशांना जिने नसलेलं घर बघा.

आणि देताना काही लपवू नका. आमचं जरा लंगडायचंच. नेणाऱ्या मावशींना आधीच चालवून दाखवलं, तर म्हणाल्या, "माझा गुडघा तरी कुठं धड हाय?"