डेडहॅमचे जॉन रॉजर्स नक्की कोणाचे पुत्र?

प्रश्न

सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या प्युरिटन (चर्चची अधिक शुद्धी मागणाऱ्या प्रोटेस्टंट) उपदेशकांच्या घराण्यांचा अभ्यास करताना मी एसेक्समधील डेडहॅमचे जॉन रॉजर्स (निधन १६३६) यांच्यापाशी अडलो आहे. काही जुन्या वंशावळींत त्यांना १५५५ साली स्मिथफील्ड येथे जिवंत जाळलेल्या जॉन रॉजर्स या हुतात्म्याचे वंशज म्हटले आहे. अन्यत्र ते चेम्सफर्डलगतच्या मोल्शॅम येथील जोडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र ठरतात. शिवाय १६०५ पासून ते डेडहॅमला असूनही पाद्र्यांच्या नेमणुकांच्या नोंदींत तेथे त्यांचे नाव मला सापडत नाही. कोणत्या कागदांवर विसंबावे?

पहिला प्रतिसाद

हुतात्म्याशी जोडलेले नाते हा आडनावावरून लावलेला बादरायण संबंध आहे. वंशावळींचे अभ्यासक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी १८६१ मध्येच या परंपरेला पुरावा नसल्याचे दाखवले होते, आणि विशेष म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घराण्यातही आपण त्याच हुतात्म्याचे वंशज असल्याची समजूत होती. मोल्शॅमच्या कारागिराचे पितृत्वच आज ग्राह्य धरले जाते.

अशा प्रश्नांत मृत्युपत्रासारखा साक्षीदार नाही, परंतु ते कोठे शोधायचे हे आधी ठरवावे लागते. सुस्थितीतील पाद्र्याचे मृत्युपत्र बहुधा कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह न्यायालयात (आर्चबिशपच्या वरिष्ठ धर्मन्यायालयात) सिद्ध होई आणि त्या न्यायालयाच्या वह्या आता क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एखाद्या गावच्या कारागिराचे मात्र आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालील धर्माधिकाऱ्याच्या) न्यायालयात, म्हणजे आज जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळण्याचा संभव अधिक. केवळ पाद्र्यांची मृत्युपत्रे चाळणाऱ्याला पाद्र्याचा बाप सापडत नाही, तो यामुळेच.

दुसरा प्रतिसाद

नेमणुकीची नोंद न सापडण्याचे कारण साधे आहे. डेडहॅमला रॉजर्स ‘लेक्चरर’ होते, तेथील व्हिकार (चर्चचा रीतसर नेमलेला पाद्री) नव्हे. पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या) व्हिकारचे नाव तेथील नेमणुकीचा हक्क असलेला आश्रयदाता सुचवी, बिशप अधिकारपद देई आणि त्याची रीतसर नोंद होई. लेक्चररला गावकरी स्वतःच्या पैशांनी ठेवून घेत, बिशपकडून लागे तो केवळ प्रवचनाचा परवाना. अनेक प्युरिटनांना हीच सोय मानवत असे, कारण प्रार्थनाग्रंथातील न पटणाऱ्या विधींतून त्यांची बरीचशी सुटका होई. म्हणून परवान्यांच्या नोंदी आणि धर्मन्यायालयाची कागदपत्रे पाहावीत. १६२९ मध्ये रॉजर्स यांना निलंबित केले गेले होते, आणि उपदेशकावर कारवाई झाली की त्याचा माग लागणे सोपे जाते. १५४० ते १८३५ या काळातील इंग्लिश पाद्र्यांची विनामूल्य ऑनलाइन सूचीही आहे, पण तिच्यात नाव नाही म्हणजे माणूस तेथे नव्हता, असे समजू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मृत्युपत्रांतील ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच समजावा काय? जॉन यांचे आप्त, उपदेशक रिचर्ड रॉजर्स यांच्या नातेवाइकांची मांडणी करताना माझा गोंधळ उडतो आहे.

तिसरा प्रतिसाद

नाही, तेथेच पाय घसरतो. त्या काळी हा शब्द सावत्र मुलालाही लावीत. वेदर्सफील्डच्या रिचर्ड रॉजर्स यांनी हेव्हरहिलचे उपदेशक जॉन वॉर्ड यांच्या विधवेशी विवाह केला. त्यामुळे इप्सविचचे सॅम्युएल वॉर्ड आणि पुढे मॅसॅच्युसेट्सला गेलेले नॅथॅनिएल वॉर्ड हे त्यांचे सावत्र पुत्र झाले. ‘कझिन’ पुतण्यालाही म्हणत आणि ‘ब्रदर’ हा मेव्हणा किंवा नुसता सहकारी उपदेशकही असू शकतो. आपला गोंधळ बहुधा याच शब्दांनी केला असावा.

तारखांकडेही लक्ष असू द्यावे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे पॅरिशच्या वहीत फेब्रुवारी १६३५ मध्ये झालेले दफन आपल्या गणनेने १६३६ मधले असते. हे विसरल्यास बापाच्या दफनानंतर वर्षभराने मूल जन्मल्याचे दिसते आणि अभ्यासक उगाच दुसरा बाप शोधू लागतो.