मदत हवी आहे : ताई श्रद्धाळू, मी नास्तिक, आणि टोमणे थांबत नाहीत

मी नास्तिक आहे, मोठी बहीण मनापासून श्रद्धाळू. आमचं लहानपणापासून घट्ट जमतं, पण वर्षभरात बोलणं टोमण्यांवर आलंय. ती प्रार्थनेला बसली की मी काहीतरी खोचक बोलतो. ती म्हणते, ‘देव न मानणाऱ्याला कसली आलीय नीतिमत्ता?’ हे मला फार लागतं. माझंही तिला तितकंच लागत असणार, हे परवा तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं.

मत खोडून काढणं वेगळं, माणसाला हिणवणं वेगळं, हे पटतं. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातलं कलम १८ विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य एकत्रच देतं. म्हणजे तिलाही, मलाही. पण घरात कलमं कामाला येत नाहीत.

मला आधार वाटतो तो डार्विन दांपत्याचा. चार्ल्स यांची श्रद्धा विरत गेली, एमा मात्र धार्मिकच राहिल्या. त्यांनी आपली काळजी पत्रात लिहून नवऱ्याला दिली आणि चार्ल्स यांनी ते पत्र जपून ठेवलं. मतभेद मिटले नाहीत, तरी संसार चाळीसहून अधिक वर्षं झाला.

मलाही ताईला पत्र लिहायचं आहे. माफी मागायची आहे, पण मत बदललंय असं भासवायचं नाही. सुरुवात कशी करू? श्रद्धाळू मंडळींनी आवर्जून सांगावं : नास्तिकाचा नुसता प्रश्न तुम्हाला कुठल्या क्षणी टिंगल वाटू लागतो? आणि तिचं नीतिमत्तेचं वाक्य मला दुखावतं, हे त्याच पत्रात लिहू की नंतर कधीतरी समोर बसून बोलू?