भेटीतले दोन तास पळतात, वाट बघतानाची दहा मिनिटं सरत नाहीत: प्रॅक्टिकलमध्ये मोजायचं कसं?

गोदाकाठ (नांदेड): एम.ए. मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल करायलोय. २० जणांना जोडीदाराचा अन् एका अनोळखी माणसाचा फोटो प्रत्येकी ५ सेकंद दाखवतो, मग "किती वेळ वाटला?" विचारतो. जवळपास सगळेच "५ सेकंद" म्हणायलेत. कुठं चुकायलंय?

मांजराकाठ (लातूर): तोंडी विचारलं की माणूस आकडा गोल करतो, आणि मनात एक-दोन-तीन मोजतोच. फोटो गेल्यावर तेवढाच वेळ बटण दाबून धरायला सांगा. वेळा आडनिड्या घ्या: २.४, ३.१, ४.३, ५.७ सेकंद. या चारही वेळा उलटसुलट क्रमानं आल्या की एक गट. जोडीदाराचे ५ गट, दुसऱ्याचे ५, म्हणजे ४० फेऱ्या. निम्म्यांना जोडीदारापासून सुरुवात, निम्म्यांना दुसऱ्यापासून.

मोजणं बंद पाडायला फोटोखाली अंक दाखवून मोठ्यानं वाचायला लावा. बटण दाबतानाही तेच. अंक सारख्या अंतरानं येऊ देऊ नका, नाहीतर त्यांचाच ठेका होतो.

निकाल काढताना दाबलेला वेळ भागिले खरा वेळ, आणि प्रत्येक वेळेचा तक्ता वेगळा. छोटा वेळ जास्त अन् मोठा कमी भरतोच. हा फीरॉर्टचा नियम, १८६८ चा. त्याला प्रेमाचा परिणाम समजू नका.

बालाघाट (बीड): मला मोठी चूक 'अनोळखी' या शब्दात दिसते. मग फरक प्रेमाचा की नुसत्या ओळखीचा? तितकाच ओळखीचा, त्याच लिंगाचा आणि वयाचा मित्र घ्या. २००५ साली ॲरन, फिशर वगैरे संशोधकांनी प्रेमात पडलेल्या १७ जणांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा तुलनेला ओळखीचाच चेहरा होता. मधे मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करत मागं मोजायला लावलं, कारण फोटो गेला तरी भावना रेंगाळते. तुम्हीही दर गटानंतर ३० सेकंद तसं करून घ्या. फोटोंचा आकार, उजेड, पार्श्वभूमी सारखी ठेवा. मोठं आणि उजळ चित्र तसंही जास्त वेळ टिकल्यासारखं वाटतं.

मांजराकाठ: हे राहिलंच होतं. बरोबर.

अजिंठ्याची_वाट (संभाजीनगर): पण राव, फोटोतून शीर्षकातला प्रश्न सुटत नाही. वाट बघताना लक्ष घड्याळावर, म्हणून वेळ लांबतो. भेटीत लक्ष समोरच्या माणसावर, म्हणून आखडतो. आठवताना गणित फिरतं: पहिल्या भेटीतलं नवं पुष्कळ लक्षात राहतं, ती मोठी वाटते, परभणीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत काढलेला तास आठवणीत चिमटीएवढा उरतो. त्यामुळं "वेळ विचारणार आहे" हे आधी सांगितलं की नाही, ते नोंदवा. न सांगता विचारणं एका माणसावर एकदाच चालतं. दुसऱ्या वेळी तो सावध असतो.

गोदाकाठ: अन् व्हायव्हात "मेंदूतलं डोपामिन हे रसायन वाढतं म्हणून वेळ पळतो" म्हणलं तर?

अजिंठ्याची_वाट: अडकाल. ॲम्फेटामिन या डोपामिन वाढवणाऱ्या औषधाच्या जुन्या प्रयोगांत डोपामिननं आतलं घड्याळ जोरात चालतं असं दिसलं, म्हणजे बाहेरचा वेळ लांब वाटायला हवा. २०१६ मध्ये लिस्बनच्या संशोधकांनी उंदरांतल्या डोपामिन पेशी चेतवल्या, तर त्यांना वेळ कमी वाटला. हा वाद मिटलेला नाही. त्यापेक्षा गेबल आणि पूल यांचं २०१२ चं काम सांगा: फुलांचे फोटो अन् गोड पदार्थांचे फोटो दोन्ही आवडतात, पण वेळ आखडला तो गोड पदार्थांनी. नुसता आनंद पुरत नाही, ओढ लागते. तुमच्या विषयाला तेच चपखल.

गोदाकाठ: मोबाईलवर घेतलं तर चालेल का?

मांजराकाठ: सेकंदांच्या मापाला चालेल, एका सेकंदाखाली जाऊ नका. सगळ्यांना एकच मोबाईल द्या, नोटिफिकेशन बंद करून. आणि मुलांचे स्वतःचे मोबाईल बाहेर ठेवायला लावा. मधेच त्याच जोडीदाराचा मेसेज आला तर तो गट बाद धरा.